सोमवारची जीभ

जिल्ह्यात कुठेही विकायचं सरबत बाटलीत भरलं, की दुकानात जाण्याआधी ते मंजिरी आठल्येच्या जिभेवरून जायचं. त्या वेळी स्वतः मंजिरी देवरुखजवळच्या आपल्या घरी तुळशीला पाणी घालत असायची, नाहीतर स्तोत्र पुटपुटत परसातली फुलं वेचत असायची. आपली जीभ या घटकेला चिपळुणात आहे, गुहागरात आहे, राजापुरात आहे आणि सगळीकडे काहीतरी चाखते आहे, याची तिला सवय झाली होती. पहिल्या वर्षी तेवढं चमत्कारिक वाटलं. एका एकादशीला तिने देवापुढे हात जोडून विचारलंसुद्धा, "बाबा रे, ती तिकडची जीभ आज काहीबाही चाखेल. त्याने माझा उपास मोडत नाही ना?" देव काही बोलला नाही. तेव्हा मोडत नसावा, असं धरून ती चालली.

गोडमर्यादेचा कायदा येऊन सहा वर्षं झाली होती. त्याआधी सरकारने साखरेवर कर लावून पाहिला होता. कंपन्यांनी साखर काढली आणि तिच्या जागी नवनवी रसायनं आणली, चिमूटभर टाकली तर टाकीभर पाणी गोड व्हावं अशी. साखर गेली, गोडी तेवढीच राहिली. मुलं साध्या पाण्याला तोंड लावेनाशी झाली, दहा-बारा वर्षांच्या पोरांची पोटं सुटली, आणि सरकारी दवाखान्यांत डायलिसिसच्या खाटा पुरेनात. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की आधी मोडायला हवी ती जिभेची सवय. म्हणून नवा कायदा साखर मोजत नव्हता, गोडी मोजत होता. विकायच्या कुठल्याही पेयाची गोडी दर गुढीपाडव्याला एक पायरी खाली आणायची. पायरी इतकी लहान, की उतरल्याचं जिभेला कळूही नये. घरी कुणी काय प्यावं, यात सरकार पडत नव्हतं.

पण गोडी मोजायची कशाने? साखर किती हे काटा सांगेल, ओळखीची रसायनं यंत्र सांगेल. गोड लागतं किती, हे मात्र जिभेलाच ठाऊक. म्हणून शास्त्रज्ञांनी जीभच वाढवली. माणसाच्या जिभेवरच्या चवीच्या पेशी दहा-बारा दिवसांत जुन्या होऊन जातात आणि त्यांच्या जागी नव्या येतात, म्हणजे वाढण्याची हौस त्यांच्यात मुळातच असते. जिभेच्या कडेचा तिळाएवढा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या, नखाएवढ्या चकतीवर बसवायच्या आणि भोवती लाळेसारखा द्रव भरायचा. गोड थेंब पडला की पेशी विजेचे बारीक ठोके देतात. ठोके जितके जास्त, तितकं पेय गोड. सरकारी कागदात या उपकरणाचं नाव लांबलचक होतं. लोक त्याला जीभडबी म्हणत.

ती जीभ मंजिरीची निघाली, त्याला कारण तिचं आयुष्य. चहा ती बिनसाखरेचा प्यायची. गोड खायची ते प्रसादाचं, तेही बोटाच्या पेरावर मावेल एवढंच. निवडीच्या दिवशी तीनशे माणसांपुढे पेले ठेवले होते. ज्या पेल्याला बाकीचे सगळे पाणी म्हणाले, तो पिऊन ती हळूच म्हणाली, "यात गूळ आहे. आणि त्याला धूर लागलाय थोडा." पेले भरणारा माणूस तिच्याकडे बघतच राहिला.

तिने हो म्हटलं ते वडिलांसाठी. साखरेच्या दुखण्यात त्यांचा आधी अंगठा गेला, मग पाऊल. शेवटच्या वर्षीसुद्धा उशीखाली केशरी पेयाची बाटली लपवून ठेवायचे. बाटली काढून घेताना त्यांनी तिच्याकडे जसं पाहिलं होतं, ते ती विसरू शकली नव्हती. कुणाच्या तरी वडिलांवर ती वेळ येणार नसेल, तर तिळाएवढी जीभ द्यायला तिची ना नव्हती.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती रत्नागिरीच्या चवशाळेत जायची. तिथे साखरेच्या पाण्याचे पेले ओळीने मांडलेले असत. ती एकेक चाखून "हे कमी, हे जास्त, हे बरोबर" असं सांगे आणि तिच्या सांगण्याबरहुकूम चकत्या जुळवल्या जात. नळीत तिची लाळ घेत, आणि चकतीभोवतीचा द्रव तंतोतंत तशा लाळेच्या मापाचा बनवत. चवशाळेची प्रमुख होती डॉक्टर शर्वरी घोरपडे, कोल्हापूरकडची, तिशीतली, बोलायला मोकळी.

"काकू, उपाशी नाही ना आलात?" ती दर वेळी विचारायची. अर्जात तसा रकाना होता.

"नाही गो. भाकरी-भाजी खाऊन आले." आणि ते खरं होतं.

एवढंच, की त्या भाकरी-भाजीत मीठ नसायचं. रविवारच्या रात्रीपासून मंगळवारच्या सकाळपर्यंत मिठाचा कण तोंडात घालायचा नाही, असा नेम तिने बावीस वर्षांपूर्वी धरला होता. कशासाठी धरला, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून इथेही नको. नेम देवाला ठाऊक असावा, गावाला नसावा, असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं. बावीस वर्षं शेजारच्या पाटावर बसून जेवणाऱ्या मिलिंदरावांना, म्हणजे तिच्या नवऱ्यालासुद्धा, याचा पत्ता नव्हता. भाजीत मीठ घालण्याआधी ती आपली वाटी बाजूला काढायची, इतकंच. मिलिंदरावांचं लक्ष वर्तमानपत्रात.

त्या चैत्रात मात्र तिच्या घरावर वेगळंच सावट होतं. धाकटी जाऊ स्वप्ना तिच्याशी बोलत नव्हती.

दोघींची घरं एकाला एक लागून, मध्ये कमरेएवढा दगडी गडगा. नऊ वर्षांपूर्वी चुली वेगळ्या झाल्या तरी वाट्यांची ये-जा थांबली नव्हती. त्यातही सोमवारी दुपारी गडग्यावरून स्वप्नाकडची वाटी हटकून यायची, कधी उसळ, कधी आमटी. आणि नवल म्हणजे ती नेमकी अळणी असायची. स्वप्नाच्या नवऱ्याला, प्रशांतला, रक्तदाबाचा त्रास. त्यामुळे त्यांच्याकडे मीठ घालत नसावेत, अशी मंजिरीने समजूत करून घेतली होती. आपला नेम असा न बोलता सांभाळला जातो, ही तिला देवाचीच सोय वाटायची.

स्वप्ना परसातल्या शेडमध्ये अमृतकोकम बनवायची. अकरा बायका तिच्या हाताखाली, सगळ्या आसपासच्या वाड्यांवरच्या. त्यांच्या बाटल्या पार कऱ्हाड-साताऱ्यापर्यंत जात. पाडव्याला नवी पायरी लागू झाली आणि त्यांचा नमुना जीभडबीत नापास झाला. स्वप्नाने साखर पाव हिस्सा कमी केली. सरबत आंबट होईल म्हणून मीठ आणि जिरं थोडं वाढवलं. नमुना पुन्हा पाठवला. तो पुन्हा नापास झाला, आणि वर शेरा आला, की गोडी आधीपेक्षा वाढली आहे. तिसऱ्यांदा नापास झाला, तर परवाना रद्द होणार होता.

तो कागद हातात घेऊन स्वप्ना गडग्याशी आली होती.

"वहिनी, तुमची जीभ आहे की करवत?"

"अगो, ती चकती आहे. मी नाही चाखलेलं."

"पण तिला शिकवलंय कुणी? मी साखर कमी केली नि ती म्हणते गोडी वाढली! माझ्या साखरेला पाय फुटले होय?"

"मी डॉक्टरीणबाईंना विचारते हवं तर."

"नको. विचारलंत तर लोक म्हणतील, जावेने जावेला पास करवलं. नाही विचारलंत तर म्हणतील, जावेने जावेला बुडवलं. म्हणजे दोन्हीकडून नाव जाणार तुमचं नि शेड माझी." तिचा आवाज फुटला. "अकरा जणींना काय सांगू मी? आमच्या घरातल्याच जिभेने घात केला म्हणून?"

 मंजिरी बोलायला आधीच हळू, त्यात भांडणात तिचा आवाज पार घशात जायचा. त्या सोमवारी वाटी आली नाही. पुढच्याही सोमवारी आली नाही.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू दोघी जावा दरवर्षी शुक्रवारी, मिळून करायच्या. मंजिरी आरास मांडायची, डाळ वाटायची. पन्हं स्वप्नाचं. यंदा स्वप्नाने शुक्रवारी आपल्या शेडमध्ये वेगळं हळदीकुंकू ठेवलं आणि मंजिरीला बोलावणं धाडलं नाही. मंजिरीने मग आपलं सोमवारी ठेवलं. गौर सोमवारी काय नि शुक्रवारी काय, झोपाळ्यावर बसणारच.

पन्हं या खेपेला तिने स्वतः केलं. कैऱ्या उकडल्या, गर काढला, गूळ-वेलची घातली, केशराच्या चार काड्या. नैवेद्याचं करताना चाखायचं नसतं, त्यामुळे सगळं अंदाजाने. नैवेद्य दाखवून झाला, तेव्हा तिने एक वाटी आपल्यापुरती काढून घेतली आणि मग पातेल्यात मीठ टाकलं. वाटीतलं चाखलं तर गोडी अगदीच बेताची. बायकांना आंबट लागेल, म्हणून तिने चांगला मूठभर गूळ पातेल्यात ढवळला, थोडा वाटीतही. मग कुठे वाटीतलं पन्हं तिला बरं लागलं.

संध्याकाळी ओटीवर वीस-पंचवीस बायका जमल्या. पलीकडच्या आळीतल्या विमलकाकी तोंडाने फटकळ. त्यांनी एक घोट घेतला आणि पेला डोळ्यांपुढे धरला.

"मंजिरी, हे पन्हं आहे की पाक गो?"

"जास्त झालं का काकी गोड?"

"जास्त? मुंग्या रांग लावून येतील. अख्ख्या जिल्ह्याची गोडी मोजतेस नि घरात हा कारभार! सरकारला कळवू का?"

बायका हसल्या. मंजिरीही हसली. पण पेले गोळा करताना तिने पाहिलं, तर बहुतेकींनी अर्धंच पन्हं घेतलं होतं.

मंगळवारी सकाळी पूजा झाल्यावर तिने मऊभात, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं घेऊन नेम सोडला. फडताळात काल अर्धी राहिलेली तिची वाटी झाकलेली होती. वाया कशाला घालवा, म्हणून तिने ती तोंडाला लावली आणि थबकली.

पन्हं गोडमिट्ट लागलं.

पातेल्यातलं नव्हे, तिच्या वाटीतलं. मीठ न घातलेलं. काल हेच पन्हं पिऊन तिने "आत्ता बरं झालं" म्हटलं होतं. वाटी तीच होती, गूळ तोच होता, रात्रीतून कुणी येऊन तो ढवळून गेलं नव्हतं. बदललं होतं ते तिचं तोंड. काल ते अळणी होतं, आज त्याला मीठ लागलं होतं.

ती पाटावरच बसून राहिली. शिऱ्यात मिठाचा कण टाकला की शिरा गोड लागतो, हे तिला तिच्या आईने सांगितलं होतं आणि आईला तिच्या आईने. मीठ गोडीला वर काढतं, हे स्वयंपाकघरात कोण जाणत नाही? मग तिला ती नळी आठवली. सोमवारची लाळ घेतलेली. सहा वर्षं दर महिन्याला सोमवारचीच लाळ, आणि तिच्या मापाने बनवलेल्या द्रवात बसलेल्या, मिठाला पारख्या झालेल्या त्या चकत्या. साखरेचं पाणी पडलं तर त्यांना कमी गोड लागणार. आणि मीठ घातलेलं कोकम पडलं, तर...

स्वप्नाने साखर कमी केली होती, पण मीठ वाढवलं होतं.

"अहो, मी रत्नागिरीला जाऊन येते," ती पदर खोचत म्हणाली.

मिलिंदरावांनी वर्तमानपत्रावरून पाहिलं. "आज? महिन्याचं माप झालं ना तुझं?"

"झालंय. पण चुकलंय."

विजेच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. नेहमी ती वाटेत जप करायची. आज मण्यांवर बोट ठरेना. हे सांगायचं, म्हणजे नेम सांगायचा. बावीस वर्षांचं एकदम उघड्यावर ठेवायचं. बरं, सांगून तरी खरं कोण मानणार? जावेचा नमुना दोनदा नापास झाला आणि तिसऱ्याच्या तोंडावर बाईंना आठवलं, की आपण मीठ खात नाही! चवशाळा नवी जीभ शोधेल, आपलं नाव काढून टाकेल. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही, असं ती स्वतःला म्हणाली. मग तिला वडिलांची उशी आठवली आणि जाणवलं, की वाटतंय.

वाटेत एका फाट्यावर बस थांबली. समोरच्या दुकानात दोन शाळकरी मुली बाटलीतलं फसफसणारं पेय पीत होत्या. जीभडबीचा हिरवा शिक्का लावलेलं. त्या पेयात मिठाचं नावही नसणार. साध्या गोडीला कमी दाखवणाऱ्या चकतीने ते खुशाल पास केलं असणार. मंजिरीने माळ पिशवीत ठेवली. आता सांगण्यावाचून सुटका नव्हती.

"काकू? आज मंगळवार!" शर्वरी म्हणाली. "पेढे घेऊन आलात काय?"

मंजिरीने दार लोटून घेतलं आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. नेम, पन्हं, वाटी. बोलताना तिचा आवाज इतका खाली गेला, की शर्वरीला खुर्ची पुढे ओढावी लागली.

ऐकून झाल्यावर शर्वरीने नमुन्यांची वही उघडून तारखा पाहिल्या.

"तुमच्या जावेचा तिसरा नमुना येत्या सोमवारी आहे. ठाऊक आहे नव्हं?"

"आहे."

"मग लोक काय म्हणतील, तेही ठाऊक असंल."

"तेही आहे. वाटेत तेच म्हणत आले मी मनात. पण शर्वरी, तू माझ्यावर विश्वास ठेवूच नकोस. मोजून बघ. खोटं निघालं तर मी आपली घरी जाते. आणि खरं निघालं, तर स्वप्नाचा नमुना माझ्या जिभेवर नकोच. दुसऱ्या जिल्ह्याच्या चकतीवर घाल."

शर्वरी उठली. तिने दोन चकत्या काढल्या, दोन्ही मंजिरीच्याच पेशींच्या. एक नेहमीच्या द्रवात राहिली. दुसरीसाठी तिने मंजिरीची आत्ताची, मंगळवारची लाळ घेतली आणि त्या मापाचा द्रव बनवला. पडताळा म्हणून तिसरी चकती तिने स्वतःच्या लाळेच्या मापाच्या द्रवात बसवली. "माझ्या लाळेत तिखट सापडलं तर हसू नका," ती म्हणाली.

आधी साध्या साखरपाण्याचा थेंब. सोमवारची चकती सुस्त, चार-दोन ठोके देऊन थांबली. मंगळवारची आणि शर्वरीची बऱ्यापैकी बोलल्या. मग तेवढ्याच साखरेचा, पण मीठ घातलेला थेंब. त्या दोघींत थोडासाच फरक पडला. सोमवारच्या चकतीवर मात्र कढईत फुटाणे उडावेत तसे ठोके उडाले. शर्वरीने पुन्हा केलं, पेल्यांवरच्या चिठ्ठ्या झाकून केलं, मदतनीस बाईंच्या हातून केलं. दर वेळी तेच.

"बघा काकू," ती पडद्याकडे बोट करून म्हणाली, "पेशीत साखरेची खबर पोचायला दोन वाटा असतात. एक थोरलं दार, ते सगळ्यांना माहीत. दुसरं मागचं दार. त्यातून साखर एकटी आत शिरत नाही, तिला मिठाचा हात धरावा लागतो. तुमच्यामाझ्या तोंडात रोजच मीठ असतं, म्हणून ते दार अर्धं उघडंच राहतं. तुम्ही रविवार रात्रीपासून मीठ बंद केलंत, की शरीर लाळेतलंही मीठ आखडून घेतं. दार बंद. मग मिठाचं सरबत आलं की दार धाडकन उघडतं आणि पेशींना वाटतं, केवढी ही गोडी!" ती खुर्चीत मागे रेलली आणि एकदम हसायलाच लागली. "सहा वर्षं! सहा वर्षं अख्ख्या जिल्ह्याला अळणी सोमवार घडवलात की हो तुम्ही!"

मंजिरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "हसू नकोस गो. केवढी चूक झाली माझ्या हातून."

"तुमच्या कुठं? अर्जात उपाशी आहात काय एवढंच विचारलं होतं मी. मिठाचा रकानाच नव्हता. आणि माप घेतलं ते दर खेपेला सोमवारी, कारण माझा आठवडा सोमवारी सुरू होतो." शर्वरीने तिचे दोन्ही हात धरले. "तुम्ही आला नसता, तर मला हे कधीच सापडलं नसतं. पण काकू, अहवालात कारण लिहावं लागेल. झाकता येणार नाही."

मंजिरीने क्षणभर डोळे मिटले. "लिही," ती म्हणाली. "फक्त नेम कशासाठी, ते विचारू नकोस."

"त्याला रकाना नाही," शर्वरी म्हणाली.

सगळ्या चकत्यांचा द्रव बदलला. पंधरा दिवस जिल्ह्यातली पेयं नव्याने तपासली गेली. फसफसणाऱ्या बाटल्यांपैकी बऱ्याचशांचे हिरवे शिक्के उतरले आणि त्यांना एक पायरी खाली यावं लागलं. स्वप्नाचा नमुना मंजिरीच्या म्हणण्याप्रमाणे साताऱ्याच्या चकतीवर गेला. तिकडून आलं ते असं: पाडव्याआधीचं जुनं अमृतकोकम खरोखरच केसभर जास्त गोड होतं, तेव्हा कायद्याचं काही चुकलं नव्हतं. पण साखर कमी करून मीठ वाढवलेलं नवं सरबत पास. वर शर्वरीने सगळ्या सरबतवाल्यांसाठी सूचना काढली, की गोडी न घालवता साखर उतरवायची असेल, तर स्वप्ना आठल्ये यांच्या शेडमध्ये मिठाचा अंदाज कसा धरतात ते पाहून यावं.

सोमवारची चकतीही मोडीत निघाली नाही. पेयात कुणी मीठ लपवून गोडीला टेकू देत असेल, तर ती ताबडतोब बोंब मारते, असं दिसलं. तेव्हा आता मंजिरीने महिन्यातून दोनदा यावं, एक सोमवार आणि एक मंगळवार, असं ठरलं.

अहवाल सगळ्यांना वाचायला खुला होता. तो मिलिंदरावांनी फोनवर वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"अगं, तू सोमवारी मीठ खात नाहीस?"

"नाही."

"कधीपासून?"

"आपला निखिल बालवाडीत होता, तेव्हापासून."

मिलिंदरावांनी फोनकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. निखिलला आता टक्कल पडायला लागलं होतं. "मग मी काय करत होतो?" त्यांनी विचारलं.

"पेपर वाचत होतात," मंजिरी हसून म्हणाली आणि देवघरात गेली. तिथे मात्र तिचा चेहरा उतरला. बाजारात आज कुणीतरी हात जोडून म्हणालं होतं, काकू, धन्य तुमची. ते तिला बोचलं होतं. बावीस वर्षं झाकून ठेवलेलं निरांजन वाऱ्यात आणून ठेवल्यासारखं वाटत होतं.

त्या सोमवारी दुपारी ती पान वाढायला उठली, तर मागच्या दाराशी बांगड्या वाजल्या. गडग्यापलीकडे स्वप्ना उभी. एका हातात झाकलेली वाटी, दुसऱ्या हातात लालचुटुक सरबताचा पेला. तिने वाटी पुढे केली. मंजिरीने झाकण काढलं. कुळथाचं पिठलं होतं. बोटाने टिपून तिने जिभेला लावलं.

अळणी.

"प्रशांतभावजींचा रक्तदाब कसा आहे आता?" काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं. "मीठ बंदच का त्यांचं?"

"त्यांचं?" स्वप्नाने कपाळावर हात मारला. "डॉक्टर कमी करा म्हणून घसा फोडतात नि हे ताटात वेगळं मीठ वाढून घेतात! वहिनी, नऊ वर्षं तुम्हाला काय वाटलं, आमच्याकडे दर सोमवारी मीठ संपतं?"

मंजिरीने वाटी गडग्यावर ठेवली.

"एकत्र होतो तेव्हाच बघितलं होतं मी," स्वप्ना म्हणाली. "मीठ घालायच्या आधी तुमची वाटी फळीवर जायची. तुम्ही बोलत नव्हतात, मग मी कशाला बोलू? वेगळे झालो तेव्हा वाटलं, तिकडे कामाच्या गडबडीत एखाद्या सोमवारी तुमचं राहून जाईल, म्हणून इकडूनच काढून ठेवत होते." तिने नाक ओढलं. "गेला महिनाभर नाही पाठवली. रागात होते. पण काढून ठेवत होते हो दर सोमवारी. हाताला सवय. मग संध्याकाळी स्वतःच खायचे, रडत."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं. कुणाला सांगितलं मात्र नाही."

मंजिरी गडग्याला टेकली. "आता गावाला कळलं गो. नेम फुटला माझा."

"फुटला कसला? देवाला ठाऊक होता नि मला. बाकीच्यांना आत्ता कळला, एवढंच." स्वप्नाने पेला पुढे केला. "हे घ्या. नव्या मापाचं आहे. पण तुमच्यापुरतं मीठ न घालता केलंय."

मंजिरीने पेला देवाकडे एकदा उंचावला आणि घोट घेतला. जिल्हाभरात ज्या जिभेचा शब्द चालत होता, ती क्षणभर तो घोट घोळवत राहिली. स्वप्ना श्वास धरून बघत होती.

"गोडी जरा कमी वाटते गो," मंजिरी म्हणाली.

"वाटणारच," स्वप्ना म्हणाली, "आज सोमवार आहे."

दोघीही हसल्या. मंजिरीने पेला पूर्ण रिकामा केला, गडग्यावर पालथा घातला आणि पदराने ओठ टिपले.

"उद्या मीठ घालून आण," ती म्हणाली. "सकाळी. पूजा झाली, की मी इथेच उभी असेन."